पाणी धरणारं काळं मडकं

मंगल, तुझं ते मडकं फुटलं.

कुठलं ते तुला सांगायला नको. पाणी धरणारं. आपल्या शेडमधून एवढी काळी मडकी निघाली, त्यातलं ते एकच. घरात कुणाच्या हातून पडलं नाही, मांजरानं पाडलं नाही. रघूनं ते खांद्यावर घेऊन तुझ्या चितेभोवती फेऱ्या मारल्या आणि मागं टाकून फोडलं. तुझ्या नवऱ्यानं, तुझ्याचसाठी.

गेलेल्या माणसाला वरून सगळं दिसतं म्हणतात. मला नाही पटत. दिसत असतं तर तू तिथल्या तिथं उठून त्याच्या पाठीत धपाटा घातला असतास. म्हणून मी सांगते. काल तुझं तेरावं झालं. खानापूरचे पाहुणे गाडीत बसले, बेंगळुरूत चामराजपेटच्या या घरात आता मी आणि रघू, जाऊ नसलेली जाऊ आणि बायको नसलेला दीर. इतके दिवस माझ्या जिवाला एकच घोर होता. स्वतः काय फोडलं ते रघूला ठाऊक आहे काय? आणि नसेल तर मी त्याला सांगायचं की नाही? त्या मडक्याचं गुपित तुझं नि माझं. ‘दुसरं निघू दे अक्का, मग सगळ्यांना सांगू,’ असं म्हणाली होतीस. तू सुटलीस. मी बसले ते उरावर घेऊन.

राग येतो गं तुझा. रडू येतं त्याच्या आधी राग येतो.

तुझं हे काळ्याचं वेड सुरू झालं ते व्हाइटफील्डला. तू त्या स्टुडिओत माती मळायला जात होतीस. मी तुला हसायचे. कुंभाराची लेक, कुंभाराची सून, आणि बस बदलून, मेट्रोत उभी राहून कुठं जाते, तर दुसऱ्यांची माती मळायला! आपल्या घरातलं चाक मामंजी गेल्यावर माळ्यावर गेलं होतं. रघू कारखान्यात फिटर, मी बाहेरच्या खोलीत पणत्या नि कुंड्या विकत बसलेली, त्याही दुसऱ्यांनी केलेल्या. आणि एक दिवस तू त्या लुपेला घेऊन घरी आलीस. मेक्सिकोची बाई, ओआहाकाकडची, स्टुडिओत काही महिने शिकवायला आलेली. चेहऱ्यानं आपल्या खानापूरच्या बाजारात बसली असती तरी कुणी वळून बघितलं नसतं. मी भाकरी थापत होते. ती शेजारी फतकल मारून बसली, पीठ मागून घेतलं आणि थापायला लागली. तिची भाकरी माझ्यापेक्षा गोल झाली. मला तेव्हाच ती आवडली नाही.

तिच्या गावची गोष्ट तू मला बसमध्ये सांगितलीस, स्टुडिओच्या मॅडमनी तुला हिंदीतून सांगितलेली. त्यांच्याकडची जुनी मडकी राखाडी असायची, चमक नसलेली, कडक भाजलेली. पाणी भरायला, दारू भरायला. मग डबे आले, प्लास्टिक आलं, मडकी कोण घेणार? गाव बसलं हात चोळत. मग कुणा एका बाईला कळलं की अर्धवट वाळलेलं मडकं गारगोटीनं घोटलं आणि आगीतून जरा लवकर काढलं, तर ते राखाडी न होता आरशासारखं काळं होतं. लांबलांबून लोक यायला लागले विकत घ्यायला. गावातल्या भट्ट्या पुन्हा पेटल्या. आता घरोघर तेच करतात.

‘खरं त्यात पाणी राहत नाही,’ तू म्हणालीस. आपल्याकडच्या पद्धतीनं, ‘पण’ला ‘खरं’. ‘कमी भाजलेलं ना ते. झिरपतं.’

‘मग ठेवतात काय त्यात?’

‘मी पण तेच विचारलं तिला. म्हणाली, दिवा ठेवतात. फुलं. काहीच नाही.’

तू खिडकीबाहेर बघत बसलीस. मग मला म्हणालीस, ‘अक्का, काहीच ठेवायचं नाही तर त्याला मडकं कशाला म्हणायचं?’

मी म्हटलं, ‘शो-पीस म्हण आणि वीक. आता कुणाच्या घरात पाणी मडक्यात भरतात? सगळ्यांकडं फिल्टर आहेत.’

तिथं सुरू झालेलं आपलं भांडण. ते कधी मिटलंच नाही.

यशवंतपूरला बाजाराच्या मागं ती पत्र्याची शेड तू घेतलीस तेव्हा मी रघूला म्हटलं होतं, हिचं डोकं फिरलंय. दोन्ही बाजूंना लेथ मशीनवाले. मागच्या मोकळ्या जागेत तू खड्डा खणून भट्टी बांधलीस. पहिल्या दिवशी धूर निघाला तसा शेजारचा लेथवाला पुसायचं फडकं हातात घेऊनच धावत आला. ‘एनक्का, इष्टु होगे!’ म्हणून ओरडायला लागला, एवढा धूर कसला म्हणून. तू गोड हसून म्हणालीस, ‘स्वल्प अडजस्ट माडी अण्णा,’ जरा सांभाळून घ्या म्हणून. तो बापडा गेला आणि पुढं भट्टीच्या दिवशी स्वतःच खिडकी लावून घ्यायला लागला. ते एक तुला जमायचं. मला कधी जमलं नाही. मी असते तर त्याच्याशी जुंपलीच असती.

आमचे हे गेले तेव्हा मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा आले. माझं मला काही सुधरत नव्हतं. जेवण नको, झोप नको, दारावर कुणी आलं तरी उठून बघायचे नाही. तू मला हाताला धरून रिक्षात घातलंस, शेडमध्ये पाटावर बसवलंस, मांडीवर अर्धवट वाळलेलं मडकं दिलंस आणि हातात गारगोटी. ‘रडायचं तर रड अक्का. हात तेवढा थांबवू नको.’ बस. ना समजूत, ना उपदेश. मी घोटत राहिले. गारगोटी मातीवर फिरते तेव्हा एक बारीक आवाज येतो, आणि खाली माती तुळतुळीत होत जाते, आणि माणूस बघत राहतो. मी दुसऱ्या दिवशी आपणहून आले. तुला मी याबद्दल कधी काही म्हणाले नाही. आपल्या घरात असं कुणी म्हणत नाही. आता म्हणते. तू मला माणसात आणलंस, मंगल. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

म्हणून काही मी तुझ्या बाजूनं झाले नाही. घोटायला यायचे, आणि घोटता घोटता भांडायचे. विकायचं काम माझं होतं ना! व्हाइटफील्डच्या त्या मोठमोठ्या अपार्टमेंटांत शनिवार-रविवार टेबल मांडायचं, काळी मडकी ओळीनं लावायची. लोक थांबायचे, हात फिरवायचे, ‘मेटल आहे का?’ विचारायचे. मला बरं वाटायचं. सासऱ्यांच्या घराण्याचं काम पुन्हा लोकांच्या हातात जातंय, यात वाईट काय होतं? आणि मग त्या बाईचा फोन आला. तिनं मडक्यात पाणी घालून निशिगंधाची फुलं ठेवलेली. सकाळी तिच्या सागवानी टेबलावर डाग. ‘युअर पॉट इज लीकिंग,’ म्हणून ती फोनवर कडाडत होती आणि तू ‘सॉरी मॅडम, सॉरी मॅडम’ म्हणत होतीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. शरमेनं काळाठिक्कर पडला होता.

मी साधी गोष्ट सांगितली. म्हटलं, एकेक चिठ्ठी चिकटव, ‘पाणी घालू नये.’

‘मडक्यावर लिहू? पाणी घालू नये म्हणून?’ तू माझ्याकडं असं बघितलंस जसं काही मी तुला चोरी करायला सांगत होते. ‘त्यापेक्षा भट्टी पाडून टाकते.’

‘पाड. अन्नाची तरी भ्रांत नाही तुला, नवरा नोकरीत आहे!’

मग आपण बोलायचं बंद केलं. तू रघूला सांगायचीस, ‘अक्काला सांगा, डाळ संपली.’ मी तिथंच उभी असायचे. बिचारा रघू इकडून तिकडं निरोप पोचवायचा. त्यालाच शेवटी वीट आला. एक दिवस ताट सरकवून उठला आणि म्हणाला, ‘मडकं पाण्याचं की फुलांचं ते ठरवा आणि मला नीट जेवू द्या.’ तेव्हा आपण दोघी हसलो. तो दिवस मला फार आठवतो.

तू चिठ्ठी चिकटवली नाहीस ती नाहीसच. तू काय करायला लागलीस, तर दोन्ही हवं म्हणून हटून बसलीस. चमक पण हवी, पाणी पण राहिलं पाहिजे. लुपेनं तुला मोबाइलवर हात हलवून हलवून सांगितलं की असं होत नाही. जास्त भाजलं की पाणी धरतं, खरं चमक जाते, मडकं राखाडी पडतं. लवकर काढलं की चमकतं, खरं झिरपतं. तिच्या गावातल्या सगळ्यांनी आपापल्या परीनं हे करून बघितलंय, दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. तू मान डोलवायचीस आणि फोन ठेवून म्हणायचीस, ‘त्यांची माती वेगळी.’

आणि खोकला. त्याच्याबद्दल काय बोलू? आधी म्हणालीस बेंगळुरूची हवा. मग म्हणालीस मेट्रोच्या कामाची धूळ. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, ही मातीची धूळ आहे, वर्षानुवर्षं आत गेलेली, आणि वरून हा धूर. फुप्फुसं ताठ झाली आहेत, परत मऊ होणार नाहीत. आता धूळ बंद आणि धूर बंद. रघू तिथंच रडला, डॉक्टरांसमोर. तू नाही. तू परत येताना मला म्हणालीस, ‘एवढं एक जमलं की बंद करते.’ दारुडे असंच बोलतात, मंगल. मी तुला तसं तोंडावर म्हटलंही होतं.

रघूनं शेडची किल्ली काढून घेतली, तू दुसरी करून घेतलीस. त्यानं मास्क आणून दिले, ते तू गळ्यात घालायचीस, मंगळसूत्रासारखे. शेजारणी म्हणायच्या, पोरबाळ नाही ना, म्हणून मडक्यात जीव. हे तुझ्या कानावर गेलं तेव्हा तू चार दिवस धुमसत होतीस. ‘पोर असतं तरी मी हेच केलं असतं,’ म्हणालीस. मला ते खरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली तुझी.

शेवटच्या भट्टीच्या दिवशी मी होते तुझ्याबरोबर. लाकडं पेटली, मडकी आत लालबुंद झाली. आता तोंड बंद करायची वेळ. ओल्या मातीनं सगळी भोकं लिंपून टाकायची, धूर आतच कोंडायचा, म्हणजे मडकी काळी होतात. वेळ चुकली की संपलं. आणि नेमकी तेव्हा तुला उबळ आली. तू पायरीवर बसलीस, गुडघ्यात डोकं घालून खोकत राहिलीस, मला हातानं खूण करत राहिलीस की थांब, तू नको लावू, मीच लावते. आग चढत गेली. तू उठून तोंड लिंपलंस तेव्हा फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी उघडली. सगळी राखाडी. एकेक बाहेर काढत होतीस आणि बाजूला टाकत होतीस. शेवटी भिंतीला लागून ठेवलेलं एक निघालं. काळं. नुसतं काळं नाही, त्यात तुझं तोंड दिसत होतं. तू ते साडीच्या पदरात गुंडाळून घरी आणलंस, पाणी भरलंस, स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ठेवलंस. सकाळी मला हलवून उठवलंस. पेपर कोरडा होता. मी हात फिरवून बघितला. खडखडीत कोरडा. मी मडकं उचलून खालून बघितलं. एक थेंब नाही, साधा दमटपणा नाही.

तू हसायला लागलीस आणि हसता हसता खोकायला. ‘अक्का, हे माझ्या खोकल्यानं केलं बघ. तो नसता आला तर मी वेळेवर तोंड लावलं असतं, आणि पुन्हा तेच झिरपणारं निघालं असतं.’

मी तुझ्याबरोबर हसले नाही. मला हसूच येईना.

मग पाणी ओतून टाकलंस, मडकं पुसलंस आणि बाहेरच्या खोलीत फळीवर बाकीच्या काळ्या मडक्यांत ठेवून दिलंस. तुझं डोकं बघ! एवढा जीव टाकला त्याच्यावर आणि ठेवलं कुठं, तर बाकीच्यांत. ‘कळतंय मला कुठलं ते,’ म्हणालीस. पुढच्या भट्टीत उशिरा तोंड लावायचं, भिंतीला लागून सगळी मांडायची, असं ठरलं होतं. ती भट्टी लागलीच नाही.

हॉस्पिटलात तुझ्या तोंडावर तो ऑक्सिजनचा मास्क. बोलायला गेलीस की नर्स रागवायची. एका दुपारी ती बाहेर गेली तेव्हा तू मास्क बाजूला केलास. मला वाटलं आता रघूबद्दल काही सांगशील. तू म्हणालीस, ‘दुसरं काढायचं राहिलं.’

मी म्हटलं, ‘बरी हो. काढू.’

‘काढू म्हणजे? तू येणार?’

‘बरी हो आधी.’

तू माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलंस. ‘तुला काय पडलंय अक्का त्याचं. तुला पाण्याचं काय.’ आणि मास्क लावून घेतलास. हेच शेवटचं. यानंतर तू शुद्धीत होतीस तरी बोलली नाहीस. मी दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं तुझ्याशी, मंगल. एवढ्या वर्षांच्या भांडणाचा शेवट असा नको होता.

तू गेलीस त्या सकाळी तुला घरी आणलं. आम्ही बायका आतल्या खोलीत तुला आंघोळ घालत होतो, हिरवी साडी नेसवत होतो. बाहेर पुरुष मंडळी सामानाची बोलणी करत होती. कुणीतरी म्हणालं, मडकं आणायला हवं बाजारातून. रघूचा आवाज आला, ‘बाजारातलं लाल नको. तिच्याच हातचं जाऊ दे तिच्याबरोबर.’ सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खरंच. माझे डोळे भरून आले. माझ्या डोक्यात हे आलंच नाही की फळीवर ते पण आहे.

बायका जात नाहीत म्हणत होते, मी गेले. शेजारच्या पद्माक्का माझ्याबरोबर आल्या. रुद्रभूमीत, म्हणजे इथल्या स्मशानात, आधीच्यांचं आटपायचं होतं. रघूनं नळावर मडकं भरून घेतलं, खांद्यावर कोरडा पंचा टाकला, त्यावर मडकं घेतलं आणि उभा राहिला. भटजी कुठल्याशा फोनवर होते. ऊन चढलं होतं. रघूच्या मानेवरून घाम गळत होता. आणि मडकं नुसतं चमकत होतं. कोणीतरी मागं म्हणालं, ‘काय सुंदर काम आहे हो.’

मी बघत होते, आता मडक्याला घाम फुटेल म्हणून. तुझी काळी मडकी पाणी भरलं की लगेच घामेजतात, बूड ओलं होतं, मग थेंब सुटतात. विकताना मला हीच धास्ती असायची. मी वाट बघत राहिले. पंचा पांढराच राहिला. कोरडा.

तेव्हा मला कळलं, हे तेच. मी ओरडले, ‘रघू, ठेव ते! खाली ठेव, दुसरं घे!’

लोकांना वाटलं, मला तुझं जाणं सोसत नाही. पद्माक्कांनी मला कवळ्यात धरलं. ‘समाधान माडको, अक्का,’ शांत हो म्हणत पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी हात सोडवत होते, त्या आणखी घट्ट धरत होत्या. रघूनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग भटजींनी खूण केली आणि तो चालायला लागला.

पहिल्या फेरीला दगडानं भोक पाडायचं असतं. दगड मारला, भोक पडेना. पुन्हा मारला. कडक भाजलेलं ना. भटजी म्हणाले, ‘जोरात मारा हो.’ तेव्हा कुठं पाण्याची धार सुटली. दुसऱ्या फेरीला दुसरी, मग तिसरी. आणि रघूनं मागं न बघता सोडून दिलं. मागं वळून बघायचं नसतं. मी बघितलं. वरून काळे आरसे, आतून राखाडी, आणि पाणी पसरत होतं. तिथला झाडणारा आला, आणि लोकांच्या लाल खापऱ्यांबरोबर तुझे तुकडे झाडूनं एका कडेला लोटले. तुला आग लागली होती आणि मी, देवा शपथ, त्या तुकड्यांकडं बघत होते.

त्यानंतर तेरा दिवस मी रघूशी साधं बोलू शकत नव्हते. तो समोर बसून जेवायचा आणि मी बघायचे, याला कळलंय काय? बायकोच्या जन्माचं काम आपल्या हातानं फोडलं, हे कळलं तर हा माणूस उभा राहील काय? मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. मरेपर्यंत नाही. लुपेचा व्हॉइस मेसेज आला होता तुझ्या फोनवर, स्पॅनिशमध्ये, मध्येच रडतेय. मॅडमकडून तिला कळलं असणार. तिलाही मी काही लिहिलं नाही. ते एक मडकं झालं होतं हे तिला आता कुणी सांगणार नाही.

काल पाहुणे गेल्यावर रघू बाहेर जाऊन आला. बाहेरच्या खोलीत बसला. म्हणाला, ‘वैनी, शेड सोडली. मालकाला किल्ली देऊन आलो.’

माझं टाळकंच सरकलं. ‘कुणाला विचारून?’

‘कुणाला विचारायचं होतं?’

‘माती आहे तिथं तिची! घोटलेली मडकी आहेत, भाजायची राहिलेली! तेरावं होतंय न होतंय तोवर तुला एवढी घाई? एक मडकं फोडलंस ते कमी झालं काय? तुला ठाऊक तरी आहे काय फोडलंस ते?’

सगळं एका दमात तोंडून निघून गेलं. एवढे दिवस दातांखाली धरलेलं. मी तोंडावर हात ठेवला.

रघू म्हणाला, ‘ठाऊक आहे.’

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

‘ठाऊक आहे, वैनी. चुकून नाही उचललं मी. त्या दिवशी मला फर्स्ट शिफ्ट होती. तुम्ही दोघी उठायच्या आधी पाणी प्यायला आलो स्वयंपाकघरात. मडकं भरलेलं, खाली पेपर कोरडा. कुंभाराचा पोरगा आहे मी, कळतंय की मला.’

‘मग तिला बोलला का नाहीस?’

‘काय बोलू? शाब्बास म्हणू? म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेली असती. गप्प बसलो, तरी गेली असतीच, अंगात जोर असता तर.’ तो तळहाताकडं बघत होता. ‘ती गेली त्या दिवशी फळीवरची एकेक वाजवून बघितली. बाकीची बद्द वाजतात. ते कडक भाजलेलं, त्याचा आवाज वेगळा. ओळखून उचललं.’

‘मी ओरडले ते?’

‘ऐकलं ना. तुलाही कळलंय हे कळलं मला. तेव्हा तर फोडायलाच पाहिजे होतं.’

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्या बाईनं श्वास दिला रे त्याच्यासाठी, मी म्हणाले, तिचं नाव राहिलं असतं, लुपेच्या गावापर्यंत गेलं असतं. एवढं तरी ठेवायचं होतंस तिचं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘ते फळीवर राहिलं असतं तर रोज दिसलं असतं. रोज बघून बघून कुणीतरी दुसरं काढायला गेलं असतं. एक माणूस दिलं मी त्या भट्टीला. आणखी नाही देणार.’

‘कोण जाणार होतं? कोण आहे आता घरात?’

त्यानं मान वर केली. डोळे लाल झाले होते. ‘तू, वैनी.’

मी हसले. साठी उलटलेली बाई मी, म्हटलं, गुडघे धरलेत माझे, मला काय करायचंय तुमच्या त्या धुरात? पाणी राहो नाहीतर जाओ, मी तर कायम फुलं ठेवा म्हणणारी. रघू हसला नाही. उठून आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस की अक्काला त्याचं काही पडलेलं नाही. आणि तो, ज्यानं आपल्या भांडणात कधी कुणाची बाजू घेतली नाही, त्यानं मला बरोबर ओळखलं होतं. भिंतीला लागून मांडायची, तोंड उशिरा लावायचं, हे तुझ्यानंतर मला एकटीला ठाऊक होतं. मी गेले असते, मंगल. सुतक फिटलं की सकाळच्या पहिल्या बसनं गेले असते.